‘रिमोट असेल तर वगळा’ म्हणणाऱ्यांना

‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये विनोद म्हणून प्रसिद्ध आहे. ते टी-शर्टवर छापतात, कॉफीच्या मगावर छापतात आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये तेच वाक्य चेहऱ्यावरची रेषही न हलवता उच्चारतात. विनोदाचं धोरण कसं होतं हे पाहायचं असेल तर शेअर्ड लायब्ररीच्या चाचण्या उघडून बघा. तिथे या वाक्याला कोडमध्येच कायमचं घर मिळालेलं आहे. टेस्टच्या फाइलीच्या डोक्यावर एक अट असते: टार्गेट रिमोट असेल, म्हणजे प्रोग्राम दुसऱ्याच मशीनवर किंवा बोर्डवर चालणार असेल, तर इथूनच परत फिरा. झालं. खालची सगळी चाचणी त्या दिवशी रजेवर.

ही अट लिहिणाऱ्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकू. ‘कोड तोच आहे. लोकल मशीनवर टेस्ट पास झाली म्हणजे लॉजिक बरोबर आहे. रिमोट बोर्डवर ती पडते ती फाइल कॉपी न झाल्यामुळे, पाथ चुकल्यामुळे, बोर्ड रडका असल्यामुळे. ही सगळी नळजोडणीची कामं. त्यापायी साध्यासरळ टेस्टमध्ये कॉपी करण्याच्या आणि पाथ बदलण्याच्या ओळी घुसडायच्या कशाला? फारच अडलं तर एलडी_लायब्ररी_पाथ सेट करा, नाहीतर एनएफएस माउंट करा, नाहीतर डॉकर वापरा, तेही नको असेल तर स्टॅटिक लिंक करा. आणि यातलं काहीच जमत नसेल तर वगळा. निदान खोटं फेल तरी दिसणार नाही.’

ऐकायला किती व्यवहारी! एकेक वाक्य उचलून पाहिलं, की त्यातला व्यवहार संपतो आणि आळस तेवढा उरतो.

पहिलं वाक्य: कोड तोच आहे. असेल. पण शेअर्ड लायब्ररीत प्रश्न कोडचा कधी होता? शेअर्ड लायब्ररीची सगळी गोम ही, की प्रोग्राम तयार होताना तिचा कोड त्यात शिरत नाही. प्रोग्राम सुरू होताना लोडर तिला शोधतो, स्मृतीत आणतो आणि जोडतो. म्हणजे ‘शोधणं’ हा तिच्या कामाचा अर्धा भाग आहे. लिनक्ससारख्या ईएलएफ वापरणाऱ्या सिस्टिमवर प्रोग्रामच्या फाइलीत ‘डीटी_नीडेड’ नावाच्या नोंदी असतात. मला अमुक लायब्ररी हवी, असं त्या सांगतात. आता लायब्ररी बांधताना तिला ‘एसओनेम’, म्हणजे तिचं स्वतःचं ठरलेलं नाव, दिलं नाही आणि लिंकरला तिचा पूर्ण पाथ दिला, तर लिंकर इमानेइतबारे तो पूर्ण पाथच त्या नोंदीत लिहून ठेवतो. होम फोल्डर, त्यातलं प्रोजेक्ट, त्यातलं बिल्ड, सगळं. ज्या मशीनवर बांधलं तिथे हा प्रोग्राम जन्मभर चालेल. दुसऱ्या मशीनवर असं फोल्डरच नाही, त्यामुळे तिथे तो ‘मेन’पर्यंतसुद्धा पोहोचत नाही. मग लोकलवर पास झालेल्या टेस्टने सिद्ध काय केलं? एका इंजिनिअरच्या होम फोल्डरमध्ये एक फाइल आहे, एवढंच.

बिल्डची साधनं या भ्रमाला खतपाणी घालतात. सीमेक बिल्ड-फोल्डरमधल्या प्रोग्रामांना आपणहून त्या फोल्डरचा पूर्ण पाथ ‘आरपाथ’ म्हणून, म्हणजे लायब्ररी शोधायची जागा म्हणून, चिकटवतं आणि इन्स्टॉल करताना तो काढून टाकतं. लिबटूल त्याहून मनकवडं. इन्स्टॉल होण्यापूर्वी ज्याला तुम्ही प्रोग्राम समजता ती पुष्कळदा एक शेल स्क्रिप्ट असते; ती पाथ लावून देते आणि आत दडवलेला खरा प्रोग्राम चालवते. सोय उत्तम आहे, तक्रार नाही. पण या सोयीच्या मांडीवर बसून पास झालेल्या टेस्टला ‘लायब्ररी नीट सापडते’ याचा पुरावा म्हणायचं? स्वतःच्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे आहे हे हाताला ठाऊक असतं. तिथे डोळे मिटून फोडणी घातली म्हणून कोणी आचारी ठरत नाही.

बरं, लोकलवर सापडली ती तुमचीच लायब्ररी, याची तरी खात्री आहे का? शोधाचा क्रम ठरलेला असतो. जुना आरपाथ असेल तर तो एलडी_लायब्ररी_पाथच्या आधी बघितला जातो. नवा ‘रनपाथ’ असेल तर तो नंतर. शिवाय रनपाथ लागू होतो तो फक्त थेट हव्या असलेल्या लायब्ररींना. लायब्ररीला हवी असलेली दुसरी लायब्ररी शोधताना प्रोग्रामचा रनपाथ उपयोगी पडत नाही. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर त्याच नावाची जुनी आवृत्ती सिस्टिमच्या फोल्डरमध्ये कधीकाळी टाकलेली असते. लोडर ती उचलतो, टेस्ट हिरवी होते, सगळे खूश. कोऱ्या बोर्डवर ती जुनी आवृत्ती नसते म्हणून तिथे टेस्ट पडते. आणि मग आपण म्हणतो, बोर्डात गडबड आहे! खरं बोलला तो बोर्ड. लॅपटॉपने चक्क दुसऱ्याच लायब्ररीची परीक्षा घेऊन तुमच्या लायब्ररीला गुण दिले.

आणि ‘कोड तोच’ म्हटलं तरी तो ज्या जमिनीवर उभा राहतो ती तीच नसते. इंटेलच्या लॅपटॉपवर स्मृतीचं पान ४ किलोबाइटचं. २०२३च्या रास्पबेरी पाय ५वर त्याच्या अधिकृत सिस्टिमचा कर्नल १६ किलोबाइटची पानं वापरतो, आणि अँड्रॉइड १५पासून १६ किलोबाइटच्या पानांचे फोनही शक्य झाले. लायब्ररीचे भाग ४ किलोबाइटच्या हिशेबाने आखले असतील तर १६ किलोबाइटच्या मशीनवर लोडर तिला दारातूनच परत पाठवू शकतो. सी भाषेतली एक ओळसुद्धा बदललेली नसते. दुसरं उदाहरण घ्या. ‘डीएलक्लोज’ केल्यावर लायब्ररी स्मृतीतून निघून जाते आणि तिची आवराआवर करणारी फंक्शनं चालतात, असं गृहीत धरलेली टेस्ट ग्लिबसी या सी-लायब्ररीवर बहुधा पास होईल. अल्पाइन लिनक्सची ‘मसल’ ही सी-लायब्ररी मात्र डीएलक्लोजवर लायब्ररी काढतच नाही. तिच्या कर्त्यांनी ते जाणूनबुजून तसं ठेवलंय. कोड तोच, निकाल दोन. यातला कुठला निकाल खरा, हे फक्त लॅपटॉपवर बसून कळणार आहे?

दुसरं वाक्य: ही नळजोडणीची कामं. या वाक्यात एक अभिजात तुच्छता आहे. जणू लॉजिक म्हणजे गाभाऱ्यातलं काम आणि लायब्ररी पोहोचवणं, शोधणं, जोडणं हे मागच्या दारचं. अहो, तुम्ही परीक्षा नेमकी कशाची घेताय? शेअर्ड लायब्ररीच्या टेस्टमधून लोडिंग वजा केलं तर मागे काय उरतं?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जीडीबी या डीबगरचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहायला घेतलेला हा डीबगर आजही लिनक्सच्या जगाचा कणा आहे. चालू प्रोग्राममध्ये कुठल्या लायब्ररी आल्या हे त्याला कळतं ते असं: लोडर स्मृतीत लायब्ररींची एक साखळी ठेवतो आणि तिच्यात भर पडली की एका ठरावीक फंक्शनला हाक मारतो. जीडीबी त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून बसतो. हाक आली, की साखळी वाचतो. एका मशीनवर हे सुरळीत चालतं. पण प्रोग्राम बोर्डवर, तिथे छोटा जीडीबीसर्व्हर, आणि जीडीबी तुमच्या टेबलावर, अशी मांडणी झाली की खरा प्रश्न उभा राहतो. साखळीत नाव आहे ते बोर्डावरच्या लायब्ररीचं. तिच्यातली चिन्हं, म्हणजे फंक्शनांची नावं आणि पत्ते, वाचायची फाइल कुठून आणायची? त्याच नावाची फाइल टेबलावरच्या मशीनवरही असते, पण ती वेगळ्या प्रोसेसरची किंवा वेगळ्या आवृत्तीची. ती उचलली तर पत्ते बोर्डाचे आणि नावं टेबलाची. डीबगर गंभीर चेहऱ्याने भलत्याच फंक्शनचं नाव सांगतो. २०१५च्या ७.१० आवृत्तीपासून जीडीबी या फाइली मुळातच टार्गेटकडून मागवू लागला, तो याच गोंधळावरचा इलाज. म्हणजे ज्याला नळजोडणी म्हणून हिणवलं, त्यासाठी डीबगरचं मूळ वर्तन बदलावं लागलं. आणि नेमक्या याच मांडणीत टेस्टने ‘रिमोट आहे, मी निघते’ म्हणायचं? जिथे चूक होण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच परीक्षकाने तोंड फिरवायचं?

तिसरा मुद्दा जालीम उपायांचा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, या म्हणीचं एवढं चोख उदाहरण शोधून सापडणार नाही.

एलडी_लायब्ररी_पाथ सेट करा म्हणे. कुठे? तुम्ही तो सेट करता तुमच्या शेलमध्ये. एसएसएच तुमचे असे व्हेरिएबल आपणहून पलीकडे नेत नाही. दोन्ही टोकांना मुद्दाम परवानगी द्यावी लागते. सेटयूआयडी प्रोग्रामसाठी लोडर तो सुरक्षेपोटी बाजूला सारतो. मॅकवर २०१५पासून सिस्टिमचे संरक्षित प्रोग्राम अशा प्रकारचे व्हेरिएबल गाळूनच पुढे जातात. आणि हे सगळं निस्तरलं तरी मूळ प्रश्न राहतोच: तुमचा वापरकर्ता तो व्हेरिएबल सेट करून बसणार आहे का?

एनएफएस माउंट करून दोन्हीकडे एकच पाथ दिसेल असं करा म्हणे. उत्तम! फाइलीत चुकून कोरलेला पूर्ण पाथ आता बोर्डावरही सापडेल. दोष जागच्या जागी, पण टेस्ट हिरवी. दोष झाकण्याची इतकी सुबक युक्ती ‘उपाय’ म्हणून विकायला हिंमत लागते.

डॉकर वापरा म्हणे. डॉकर खाली यजमानाचाच कर्नल वापरतो. इंटेलच्या लॅपटॉपवरचा डबा म्हणजे एआरएमचा बोर्ड नव्हे. पानाचा आकार तोच, प्रोसेसर तोच. बदलली ती फक्त फोल्डरं. एमुलेटर घालून पुढे सरकता येतं, पण तिथेही लायब्ररी कुठल्या मुळाखाली शोधायच्या हे पुष्कळदा सांगावं लागतं. म्हणजे ज्या कामाला कंटाळून डॉकरकडे पळालात ते काम दारात उभंच आहे.

आणि स्टॅटिक लिंक करा हा सल्ला तर अजबच. शेअर्ड लायब्ररीची टेस्ट चालत नाही? मग लायब्ररी शेअर्ड ठेवूच नका! परीक्षा अवघड जाते म्हणून विषयच अभ्यासक्रमातून काढायचा. शिवाय ग्लिबसी स्टॅटिक बांधून वर डीएलओपनने लायब्ररी उघडायची म्हटलं तर चालवताना पुन्हा त्याच आवृत्तीच्या ग्लिबसीची फाइल समोर लागते. सुटका कुठेच नाही.

चौथं वाक्य: वगळलं तर निदान खोटं फेल दिसत नाही. सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते प्रामाणिकपणाचा आव आणतं. जीडीबीच्या चाचण्या ज्या देजाग्नू चौकटीवर चालतात ती पॉसिक्स १००३.३ या मानकातले पाच निकाल मानते: पास, फेल, अनिर्णित, न तपासलेलं आणि आधार नसलेलं. शेवटच्या तीन खणांची गरज मानकाला का वाटली? कारण ‘तपासलं नाही’ आणि ‘तपासलं, बरोबर आहे’ या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आपली मंडळी हे खणही वापरत नाहीत. टेस्टच्या सुरुवातीलाच गुपचूप परत फिरलं, की अहवालात निकालाची एक ओळसुद्धा उमटत नाही. मॅनेजर अहवाल पाहतो, फेल शून्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडते ती ग्राहकाच्या हातात, आणि तेव्हा तिची किंमत कोणालाच विचारवत नाही.

शिवाय ते फेल खोटं, हे ठरवलं कोणी? लोकलवर पास झालं तर ‘आमचा कोड उत्तम’ आणि रिमोटवर फेल झालं तर ‘बोर्ड रडका’. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा! बोर्ड हळू असतात, जोडणी तुटते, हे मान्य. मग टाइमआउट वाढवा, जोडणी पुन्हा करा. हळू बोर्ड हे जास्त वेळ थांबण्याचं कारण आहे. टेस्ट न चालवण्याचं कारण ते कसं काय झालं?

पाचवं: साध्या टेस्टमध्ये ओळी घुसडल्या की ती बिघडते. हा आक्षेप एका अटीवर खरा आहे. ‘रिमोट असेल तर हे, नाहीतर ते’ असं प्रत्येक टेस्टमध्ये लिहीत बसलात तर होय, शंभर फायलींचा चिखल होईल. पण तसं करायला सांगितलंय कोणी? हा फरक एकाच जागी राहायला हवा. जीडीबीच्या चाचणीसंचाने नेमकं तेच केलं. लायब्ररी बांधणारं एक सामाईक फंक्शन, प्रोग्राम बांधणारं दुसरं, आणि लायब्ररी टार्गेटवर पोहोचवणारं तिसरं. बांधताना गरज असेल तिथे लायब्ररीला नुसत्या फाइलनावाचं एसओनेम मिळतं, म्हणजे प्रोग्रामच्या पोटात पूर्ण पाथ जात नाही. आरपाथमध्ये ‘$ओरिजिन’ लिहिलं जातं, म्हणजे ‘मी जिथे आहे तिथेच माझी लायब्ररी शोधा’. पोहोचवणारं फंक्शन टार्गेट रिमोट असेल तर फाइल पलीकडे नेतं आणि जीडीबीला चिन्हांच्या फाइलींचं फोल्डर सांगतं. लोकल असेल तर हे फोल्डर मुद्दाम सांगत नाही, कारण आपल्याच मशीनवर काम करणारा साधा वापरकर्ता ते सांगत बसत नाही. टेस्ट लिहिणाऱ्याला काय करावं लागतं? प्रत्येक लायब्ररीमागे एक ओळ. आणि टेस्टच्या सी-प्रोग्राममध्ये डीएलओपनसाठी पाथ कोरायचा असेल तर तो टार्गेटवरचा कोरायचा, आपला नव्हे. नावात तिरकी रेघ असली की लोडर तो पाथ शब्दशः घेतो, शोधाशोध करत नाही. नुसतं नाव असलं तरच शोधतो. एवढं भान ठेवायला काय अवघड आहे? याला ‘किचकट’ म्हणणारा माणूस तेच लॉजिक लिहिताना चार पातळ्यांचे टेम्पलेट हसतहसत लिहितो.

सहावं आणि शेवटचं, जे मोठ्याने कोणी म्हणत नाही पण मनात सगळ्यांच्या असतं: रिमोट वापरतंच कोण? हिंजवडीत हा प्रश्न विचारून बघावा. तिथल्या कचेऱ्यांमधून गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं. लिहिणारा लॅपटॉपवर, आणि चालणार ते गाडीतल्या कंट्रोलरवर. खिशातला फोन, भिंतीवरचा राउटर, टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स: यांपैकी कशावर बसून कोणी कोड लिहिलाय? अँड्रॉइडवर टेस्ट चालवायची तर लायब्ररी आणि प्रोग्राम ‘एडीबी’ने फोनच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ढकलावे लागतात, एसडीकार्डच्या फोल्डरमध्ये टाकले तर फोन ते चालवू देत नाही. २०१६च्या अँड्रॉइड ७पासून तर सिस्टिमच्या खासगी लायब्ररींना ॲपने हात लावायचा नाही, असं लोडरच बजावतो. लोकल हाच नियम आणि रिमोट हा अपवाद, ही समजूत आपण लॅपटॉपवर टाइप करतो एवढ्या एका कारणावर उभी आहे. सॉफ्टवेअर जिथे लिहिलं जातं तिथे ते क्वचितच राहतं.

‘पण आमच्याकडे बोर्डच नाही’ ही पळवाटही बंद आहे. बोर्ड लागत नाही. आपल्याच लॅपटॉपवर दुसरं खातं उघडा, त्या खात्याला तुमचं बिल्ड-फोल्डर वाचायची परवानगी देऊ नका, आणि एसएसएचने त्याच मशीनवर त्या खात्यात शिरून टेस्ट चालवा. जीडीबीच्या संचात लोकलहोस्टलाच रिमोट मानणाऱ्या बोर्ड-फाइली आहेत त्या याचसाठी. पानाचा आकार आणि प्रोसेसर याने तपासले जाणार नाहीत, ते बोर्डावरच तपासा. पण पोटात कोरलेले पूर्ण पाथ, कॉपी न झालेल्या फाइली, पलीकडे न पोहोचलेले व्हेरिएबल, हे सगळे चोर एका संध्याकाळी रांगेने बाहेर येतील. खर्च शून्य. मग आजवर हे केलं का नाही, याचं उत्तर खर्चाच्या रकान्यात शोधू नका.

तेव्हा गुळमुळीत तडजोड नको. ‘जमलं तर रिमोटवरही चालवू’ ही भाषा सोडा. टेस्ट लिहितानाच ती रिमोट आहे असं धरून लिहा: लायब्ररीला नाव द्या, पत्ता देऊ नका, फाइल पोहोचवा, ती तिथे असेल असं मानू नका, पाथ टार्गेटचा घ्या, स्वतःचा नको. लोकल मशीन हे असं रिमोट आहे, की जिथे कॉपी करायला काही उरत नाही. रिमोटसाठी लिहिलेली टेस्ट लोकलवर फुकटात चालते. लोकलसाठी लिहिलेली टेस्ट दुसरीकडे चालण्याची कसलीही हमी नसते. आणि खरंच एखादी गोष्ट रिमोटवर शक्य नसेल, तर कारण लिहून ‘आधार नाही’ असं अहवालात छापा; मुकाट्याने पळ काढू नका. जी चाचणी फक्त बांधल्या जागी पास होते ती लायब्ररीबद्दल काहीही सांगत नाही. तिला अहवालात ‘पास’ म्हणून मोजायचा हक्क कोणालाच नाही, आणि तिच्या भरवशावर माल बाहेर पाठवायचा तर मुळीच नाही.